जुने इंजिन नेमके कुठे झिजते

इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवून बाजूला ठेवले की मोजमापाची हत्यारे काढण्याआधी तर्जनी सिलिंडरमध्ये घालावी आणि नख भिंतीवरून हळूहळू वर सरकवत आणावे. बरेच चाललेले इंजिन असेल तर वरच्या काठाच्या थोडे खाली, जेमतेम अर्ध्या पेरावर, नख एका बारीक पायरीला अडते. पायरीच्या वरच्या भागात पिस्टनची रिंग, म्हणजे त्याच्या खाचेत बसणारे धातूचे कडे, कधी पोहोचतच नाही, त्यामुळे तिथे कारखान्यातून निघतानाचे मूळ माप जवळजवळ जसेच्या तसे शिल्लक असते. पायरीच्या लगेच खाली झीज सर्वांत जास्त असते, आणि तिथून तळाकडे जावे तशी ती कमी कमी होत जाते. म्हणजे मुळात सरळ नळकांडे असलेला सिलिंडर काही वर्षांनी वरच्या बाजूला किंचित फाकलेल्या पेल्यासारखा होतो.

हे जरा चमत्कारिक वाटते, कारण पिस्टनचा वेग सर्वांत जास्त असतो तो मधल्या पट्ट्यात. जिथे वेग जास्त तिथे घासणे जास्त आणि झीजही जास्त, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पिस्टन जिथे क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो, तिथेच लोखंड सर्वांत जास्त खाल्ले जाते. जुन्या गाडीच्या बहुतेक दुखण्यांचा उगम मला या थांबण्यातच दिसतो. आधी इंजिनातल्या थांबण्यात आणि मग गाडीच्या थांबण्यात.

उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेऊ, कारण माझ्या हाताला सवय तिचीच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली, १९७०च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची ओळख इतकी घट्ट झाली की ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा ती वर्तमानपत्रांत बातमी झाली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १०८९ घन सेंटिमीटर हा परिचित आकडा येतो.

याच आकड्यांवरून आणखी एक हिशेब करता येतो. टॉप गिअरमध्ये एक किलोमीटर जाताना हे इंजिन ढोबळमानाने २,३०० ते २,४०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे १५ सेंटिमीटर सरकतो. गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा रिंग सिलिंडरच्या भिंतीवरून सुमारे ३५० मीटर घासत गेलेली असते. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हे अंतर ७०,००० किलोमीटरच्या घरात जाते, पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या पावणेदोन पटींइतके. शहरात खालच्या गिअरमध्ये फिरलेल्या टॅक्सीचा आकडा याहून बराच मोठा असणार. इतके घासूनही सिलिंडरची झीज मिलिमीटरच्या अंशांतच मोजावी लागते.

याचे कारण असे, की धावेच्या बहुतेक भागात रिंग आणि भिंत यांची गाठच पडत नाही. रिंग वेगाने सरकत असताना तिच्या पुढ्यातले तेल पाचरीसारखे तिच्या खाली ओढले जाते आणि त्या तेलात इतका दाब तयार होतो की रिंग भिंतीपासून काही मायक्रॉन उचललेली राहते. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ही पाचर टिकते ती मात्र वेगावर. पिस्टन वरच्या टोकाला थांबला की तेल ओढले जाणेच बंद होते, थर पातळ होत फाटतो आणि धातूची उंच टोके एकमेकांना भिडतात. त्यात दुर्दैव असे, की इंधनाचा भडका नेमका याच सुमारास उडतो. वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, तापमान सर्वाधिक असते, आणि वरच्या भागातले थोडे तेल जळूनही जाते. खालच्या टोकालाही पिस्टन थांबतो, पण तिथे ना तो दाब असतो ना ती आग, म्हणून तिथे पायरी जाणवत नाही.

झीज मोजण्यासाठी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला पोकळ भाग, मोजणारा बोअर गेज लागतो आणि तो महाग असतो. हौशी माणसाचे काम एक नवी रिंग आणि साधा फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, यांवर बऱ्यापैकी भागते. रिंग सिलिंडरच्या अगदी तळाशी, न झिजलेल्या भागात, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजावी. मग तीच रिंग पायरीच्या लगेच खाली आणून पुन्हा फट मोजावी. समजा तळाशी ०.३५ मिलिमीटर आणि वर १.१० मिलिमीटर आले, फरक ०.७५ झाला. फट वाढली ती परीघ वाढला म्हणून, आणि परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, तेव्हा ०.७५ ला ३.१४ ने भागले की व्यासातली वाढ मिळते: ०.२४ मिलिमीटर. शाळेत पाठ केलेल्या सूत्राचा इतका रोकडा उपयोग मला दुसरीकडे क्वचितच झाला आहे. या पद्धतीची एक मर्यादा मात्र आहे. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला क्रँकच्या आडव्या दिशेने भिंतीवर रेटत असतो, त्यामुळे सिलिंडर नुसता फाकत नाही, लंबगोलही होतो. रिंग फक्त परीघ सांगते, लंबगोलपणा सांगत नाही. त्यासाठी शेवटी बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे सिलिंडर कापून मापात आणणाऱ्याकडे, जाऊन दोन दिशांनी माप घ्यावेच लागते.

अर्थात हेड उतरवण्याची घाई करू नये, हे आधीच सांगायला हवे होते. हौशी माणसे इंजिन खोलतात ती बरेचदा खोलण्याच्या आनंदासाठी. गरम इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजले, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले, तर पुष्कळ गोष्टी न खोलता कळतात. ऑइल टाकल्यावर दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरच्या झडपांवर, जातो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचाच दाब पडलेला असेल तर त्यांच्या मधले हेड पॅकिंग गेले असण्याची शक्यता मोठी. निळा धूरही तपशील सांगतो. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर दोष रिंगांकडे. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून कात्रजचा घाट उतरावा आणि पायथ्याशी पुन्हा पाय दाबताच निळ्या धुराचा एक भपकारा यावा, तर व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे झडपेची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या, ढिले झाले आहेत, कारण उतारावर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, तयार झालेली पोकळी त्या फटीतून ऑइल शोषत राहते. गाइड बदलणे हे बोअरिंगच्या मानाने किरकोळ काम आहे.

बोअरिंग करायचेच ठरले तर सिलिंडर पुढच्या ठरलेल्या मापापर्यंत कापून त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालतात. पुण्यात नाना पेठेत धीराने हिंडले तर त्या अजून मिळतात. कापून झाल्यावर होनिंगने, म्हणजे बारीक दगडाने घासून, भिंतीवर तिरकस रेघांची जाळी उमटवतात. पहिल्या खेपेला ती खरखरीत जाळी पाहून मी जरा नाराजीने विचारले, तेव्हा बोअरिंगवाल्या मिस्त्रींनी मान वर न करता उत्तर दिले, “साहेब, आरशासारखं चकचकीत केलं तर ऑइल धरून कोण ठेवणार?” एका वाक्यात मावणारे हे ट्रायबॉलॉजीचे, म्हणजे घर्षणशास्त्राचे, मूलतत्त्व आहे. रेघांच्या दऱ्यांमध्ये तेल साठते आणि पिस्टन थांबतो त्या नेमक्या क्षणी तेच उपयोगी पडते.

त्याच खेपेला चूक केली ती मात्र मी. बोअरिंग करून आणलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, पेट्रोलने स्वच्छ धुतला आणि समाधानाने जोडून टाकला. होनिंगच्या दगडाची अतिसूक्ष्म पूड रेघांमध्ये रुतलेली असते. पेट्रोल तेलकटपणा घालवते, पूड तिथेच ठेवते. ती पूड मग रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि नवे इंजिन काही हजार किलोमीटरांतच ऑइल खाऊ लागते, तसे माझे लागले. ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनीच धुवायचा असतो, ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटणे थांबेपर्यंत, आणि कोरडा होताच त्यावर ऑइलचा हात फिरवायचा असतो, नाहीतर पावसाळी हवेत तासाभरात तांबूस झाक दिसू लागते.

आता गाडीच्या थांबण्याकडे येऊ. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली गळून गेलेले असते. सकाळी चावी फिरवल्यापासून ऑइलचा दाब येईपर्यंतचे काही सेकंद बेअरिंगे आणि टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारे भाग, यांना उरल्यासुरल्या थरावर काढावे लागतात. अशा वेळी तेलात मिसळलेले जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग कामी येते. दाब आणि उष्णता यांमुळे ते धातूवर काचेसारखा अतिपातळ थर तयार करते, आणि झिजतो तो थर, कॅमशाफ्ट नाही. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून आजच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण कमी केलेले आहे. पद्मिनीसारख्या सपाट टॅपेटच्या इंजिनात महागडे अत्याधुनिक पातळ ऑइल ओतणारे लोक तिच्यावर उपकार करत नाहीत. तिला २०डब्ल्यू-५० हे जाडसर ऑइलच मानवते.

दर रविवारी गाडी पाच मिनिटे जागेवर सुरू करून बंद करण्याची प्रथा तर मला सर्वांत घातक वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. गरम इंजिनात ते वाफ होऊन निघून जाते. थंड इंजिनात त्यातले काही रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, ज्वलनातील आम्ले त्यात विरघळतात, आणि उरलेले पाणी सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून भोके पाडते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवावी, म्हणजे ऑइल पुरते तापते.

उभ्या गाडीत पाणी आणखी एका वाटेने शिरते. ब्रेक ऑइल हे खरे तर ग्लायकॉलवर आधारित द्रव असते आणि हवेतला ओलावा ते आपणहून शोषते. डॉट ३ प्रतीचा कोरडा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात तापलेल्या ड्रमशेजारी तो उकळला तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल सरळ तळाला जाते. गाडी चालवली नसली तरी दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचे ते यासाठी.

पत्र्याच्या गंजाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. गंज रूपांतरित करणारी जी काळी पडणारी द्रावणे बाजारात मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत टॅनिक आम्ल असते. ते तांबूस गंजाशी संयोग पावून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे लोहसंयुग तयार करते. हिरड्यात टॅनिन भरपूर असते, आणि हिरडा व हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वी बनत असे; रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडून मग हे द्रावण लावावे. कुजून पापड झालेल्या पत्र्यावर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे ओलावा आत कोंडणे. पत्रा कापून नवा वेल्ड करणे हाच इलाज.

सध्या सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. आधुनिक गाडीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो; जुन्या गाडीत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे पितळेतले एक भोक, त्याला काहीच ओळखता येत नाही. परिणामी मिश्रण आठेक टक्के पातळ होते, इंजिन तापते, ओढ कमी होते आणि प्लगची चिनीमाती बदामी दिसण्याऐवजी पांढरीफटक दिसू लागते. भोकाचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचे तर व्यास चार टक्के वाढवावा लागतो, म्हणजे १२० क्रमांकाच्या मेन जेटच्या जागी, जो १.२० मिलिमीटरचा असतो, १२५ क्रमांकाचा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घ्यावा, नाहीतर ते फुगून मऊ पडतात. इथेनॉलही ओलावा शोषते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसते, जिथून नळी पेट्रोल उचलते. महिनाभर गावाला जायचे असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. आणि परतल्यावर चावी लावण्याआधी कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठणारी वाटी, उघडून त्यातले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला तर त्या दिवशी गाडी सुरू न करता आधी टाकी रिकामी करावी.