भावनिक ताणाच्या कामांतील मानसिक आधार

ज्या कामात दुसऱ्याचं मरण, आक्रोश किंवा संताप रोज अंगावर घ्यावा लागतो, ते काम करणाऱ्यांचं मन सांभाळण्यासाठी कामाच्या ठिकाणीच केलेली व्यवस्था. परिचारिका, गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका म्हणजे आशा, रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, आत्महत्येचा पंचनामा करणारे पोलीस, शवविच्छेदनाला हात लावणारे मदतनीस हे सगळे या कामांत मोडतात. रेल्वेगाडी चालवणारे लोको पायलटही मोडतात, पण ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात मात्र रुळावर आलेला माणूस समोर दिसणं आणि ब्रेक लावूनही गाडी न थांबणं म्हणजे काय, हे बऱ्याच घरांना ठाऊक असतं.

अशा कामातून येणाऱ्या थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केलं. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: मन रितं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. याचा अर्थ असा की नुसती प्राणायामाची शिबिरं भरवून आस्थापनेची सुटका होत नाही. ड्युटीचा तक्ताही बघावा लागतो.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हा ताण सर्वांत उघडा दिसतो तो सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगते, वजन लिहिते. मधल्याच एखाद्या आठवड्यात बाळ गेलं, तरी तोच काटा पिशवीत घालून तिला पुढच्या घरी जावं लागतं. गेलेल्या बाळाची आई बहुधा तिच्याच पाड्यातली, कधी नात्यातली. मग बालमृत्यूची चौकशी होते: शेवटची भेट कधी दिली, वरच्या दवाखान्यात का पाठवलं नाही? प्रश्न रास्त आहेत. पण आशाला विचारले जाणारे प्रश्न तेवढेच असतात.

त्रास सांगितला जातो तोही शरीराच्या भाषेत. खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘डोकं दुखस, झोप येत नही’ एवढंच तोंडून निघतं, फार तर ‘टेन्शन’. त्यावर पित्ताची गोळी मिळते आणि माणूस ड्युटीवर परततो.

उपायांपैकी एक लोकप्रिय उपाय फोल आहे. दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून मन मोकळं करायला लावल्याने पुढचा मानसिक आघात टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेचा भर कामाची परिस्थिती बदलण्यावर आणि वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर आहे. उदाहरणार्थ, दुर्घटनेनंतर लगेचची पाळी दुसऱ्याने घ्यावी आणि आठवड्याने कोणीतरी पुन्हा विचारावं. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट सुरू केले. एखादा रुग्ण आपल्या मनात कसा राहिला, हे डॉक्टर तिथे एकमेकांना सांगत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशांच्या मासिक बैठकीत असा अर्धा तास सहज बसेल. मात्र ती बैठक अहवाल आणि मानधनाच्या हिशेबातच संपते, आणि जिने ऐकून घ्यायचं ती, आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तकही त्याच ओझ्याखाली असते.

मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तिथे मराठीतही बोलता येतं. पण रेंजसाठी टेकडी चढावी लागणाऱ्या पाड्यावर तो फोन चारचौघांतच करावा लागतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातली अडचण वेगळी. तिथे मानसोपचार विभाग त्याच इमारतीत असतो आणि परिचारिकेला केसपेपर काढावा लागतो तो रोज सोबत डबा खाणाऱ्या सहकाऱ्याच्याच खिडकीवर.