गटकार्यातील सामाजिक दर्जा व ओळख : संगणकीय सदृशीकरण

एखाद्या कामासाठी एकत्र आलेल्या गटात कोणाच्या शब्दाला वजन मिळते आणि प्रत्येक सदस्य स्वतःला व इतरांना कोण समजतो, हे नियमांच्या रूपात मांडून संगणकावर चालवून पाहण्याची ही अभ्यासपद्धती आहे. समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या तिन्ही शाखांशी तिचा संबंध येतो.

तिचा पाया संगणकाच्या आधी घातला गेला. हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट बेल्स यांनी 1950 मध्ये छोट्या गटांतील प्रत्येक उद्गाराची 12 प्रकारांत नोंद करण्याची रीत मांडली. सूचना देणे, मत विचारणे, असहमती दाखवणे हे त्यांपैकी काही प्रकार. फ्रेड स्ट्रॉडबेक व सहकाऱ्यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभिरूप (प्रयोगासाठी बसवलेल्या) ज्यूरींच्या अभ्यासात पुरुष व वरच्या व्यवसायांतील सदस्य अधिक बोलताना आढळले. बाहेरचा दर्जा असा आत का झिरपतो, याचे उत्तर जोसेफ बर्जर व सहकाऱ्यांच्या अपेक्षा-स्थिती सिद्धांताने दिले : एखाद्याला काम जमेल की नाही याचा अंदाज इतर सदस्य त्याच्या लिंग, व्यवसाय अशा लक्षणांवरून बांधतात आणि त्या अंदाजानुसार त्याला बोलण्याची संधी देतात.

आकडेमोडीला उपयोगी पडेल असे रूप या विषयाला डेव्हिड हाइस यांच्या भावनियंत्रण सिद्धांतातून मिळाले. चार्ल्स ऑसगुड यांनी दाखवून दिले होते की, शब्दांचा भावार्थ मुख्यतः चांगुलपणा, सामर्थ्य आणि चैतन्य या तीन परिमाणांवर मोजता येतो. हाइस यांनी ‘डॉक्टर’, ‘नवखा’ यांसारख्या ओळखींना आणि ‘सल्ला देणे’, ‘झिडकारणे’ यांसारख्या कृतींना लोकांकडून अशी मूल्ये मिळवली. मोजपट्टी साधारण −4.3 ते +4.3 अशी असते. कर्ता, कृती आणि जिच्यावर कृती होते ती व्यक्ती, यांची मिळून नऊ मूल्ये होतात. घटना घडल्यावर उमटणारे तात्कालिक ठसे आणि मुळातील मूल्ये यांतील प्रत्येक फरकाला त्याच फरकाने गुणून येणाऱ्या संख्यांची (वर्गांची) बेरीज म्हणजे विचलन. माणसे हे विचलन कमी राखण्याच्या बेताने वागतात, असे हा सिद्धांत मानतो.

समजा, मुख्य अभियंत्याने नवख्या सहकाऱ्याची सूचना झिडकारली. त्या क्षणी अभियंत्याचा चांगुलपणा घसरतो आणि विचलन वाढते. मग संगणकावरील प्रणाली घसरलेले ठसे मूळ मूल्यांकडे परत आणणारी पुढची कृती शोधते. अभियंता त्या सहकाऱ्याचे मत विचारेल किंवा सहकारी आपली बाजू समजावून सांगेल. अशी कृती घडलीच नाही, तर ओळख बदलते आणि पाहणाऱ्यांच्या लेखी तो ‘मग्रूर अभियंता’ होतो. दर्जा ही प्रत्येकाने घरून आणलेली वस्तू नसून बोलण्याच्या दर फेरीत ती सावरावी लागते, हे या पद्धतीइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे काही दाखवते.

या मांडणीत कोणत्याही एका क्षणी प्रत्येकाची ओळख एकच आणि पक्की धरली होती. जेसी होई, टोबियास श्रोडर आदींनी 2013 पासून विकसित केलेल्या ‘बेझॲक्ट’ या प्रारूपात समोरची व्यक्ती कोण, याबद्दलचा अंदाज संभाव्यतांच्या रूपात असतो आणि प्रत्येक उद्गारानंतर तो सुधारला जातो. परस्परांना प्रत्यक्ष न भेटता संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्या गटांच्या अभ्यासाला ही सोय विशेष उपयोगी आहे.

मर्यादा मात्र गंभीर आहेत. वेगवेगळ्या नियमांतून सारखेच वर्तन उत्पन्न होऊ शकते, म्हणून निष्कर्ष जुळला एवढ्यावरून नियम बरोबर ठरत नाहीत. मूल्ये ही सरासरी असतात. एकाच शब्दाकडे जात, लिंग किंवा वयामुळे वेगळ्या नजरेने पाहणाऱ्यांचे मतभेद त्या सरासरीत बुजून जातात. शिवाय एका भाषेतील मूल्यकोश दुसऱ्या भाषेला सरसकट लावता येत नाही. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवल्याशिवाय समोरच्याला थेट प्रश्नही विचारता येत नाही. त्यामुळे मराठी गटाचे सदृशीकरण करायचे, तर ‘मत विचारणे’ या एकाच कृतीची मूल्ये संबोधनागणिक वेगळी मोजावी लागतील, आणि तीही मराठी बोलणाऱ्यांकडूनच.