खुब्याच्या रिव्हिजनमध्ये 'खड्डा भरतात' म्हणजे नेमकं काय: हाडाचे तुकडे की धातूचं ऑगमेंट?

खुबा बदलून पंधरा-वीस वर्षं झाली की कधी कधी कृत्रिम वाटी सैल होते आणि एक्स-रेत तिच्यामागे पोकळी दिसते. वाटीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे (लायनरचे) झिजून सुटलेले सूक्ष्म कण हे त्याचं एक मोठं कारण. भक्षक पेशी ते कण गिळतात आणि त्यांच्या संदेशांमुळे हाड खाणाऱ्या पेशी चेवतात. मग ती वाटी बदलायचं ऑपरेशन, म्हणजे रिव्हिजन, करावं लागतं आणि सर्जन म्हणतात, 'खड्डा भरून काढू.' घरचे समजतात, हाड भरणार. तसं असेलच असं नाही.

हाड भरायची पद्धत नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या सर्जननी 1979 पासून रुजवली. दुसऱ्या कुणाचा खुबा बदलताना निघालेला मांडीच्या हाडाचा गोळा उणे 80 अंशांवर गोठवून ठेवलेला असतो. त्याचे 7 ते 10 मिलिमीटरचे तुकडे करतात, चरबी धुऊन काढतात आणि अर्धगोल ठोकणीने थरावर थर घट्ट ठोकतात. कड तुटली असेल तर आधी धातूची जाळी. वर बोन सिमेंट, मग नवी वाटी. भुगा चालत नाही आणि ठोकण्यात कसूर झाली तर वाटी सरकते. हे तुकडे निर्जीव असतात, पण रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्यांत शिरतात आणि हळूहळू तिथे त्याचंच हाड तयार होतं. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं दात्यांचं हाड पुरवते.

ऑगमेंट म्हणजे बहुधा टँटलम या धातूचा सच्छिद्र तुकडा. त्यात 75 ते 80 टक्के पोकळीच असते. तो स्क्रूने बसवतात, आजूबाजूचं हाड छिद्रांत वाढतं. आधार पहिल्या दिवसापासून मिळतो, पण गेलेलं हाड परत येत नाही.

म्हणून पन्नाशीच्या आतल्या रुग्णाला, ज्याचं पुन्हा ऑपरेशन होण्याची शक्यता दाट, शक्य तिथे हाड भरावं असं मला ठामपणे वाटतं. खड्डा फार मोठा असेल किंवा ओटीपोटाला रेडिएशन झालेलं असेल, तर धातूच बरा. तिथे ग्राफ्ट, म्हणजे भरलेलं हाड, नीट रुजत नाही. बऱ्याचदा दोन्ही एकत्र वापरतात.

मात्र त्याआधी सीआरपी, ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि सांध्यातल्या पाण्याची तपासणी हवीच. जंतुसंसर्ग तसाच ठेवून हाड भरलं काय नि धातू बसवला काय, दोन्ही वाया जातं.