एडुआर्ड हाबर (जर्मन न्यू गिनीचे शेवटचे प्रशासक)

एडुआर्ड हाबर (1866–1947) हे मूळचे खाणकामातले माणूस, प्रशियाच्या खाण खात्यात तयार झालेले, आणि तिथून वसाहतींच्या कारभारात आले. आधी जर्मन पूर्व आफ्रिकेत काम केलं, मग न्यू गिनी (ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं बेट, त्याचा ईशान्य भाग आणि शेजारची बेटं तेव्हा जर्मनीची वसाहत होती). आज त्यांचं नाव निघतं ते 1914 च्या सप्टेंबरमधल्या थोड्याच दिवसांमुळे.

गव्हर्नर आल्बर्ट हाल रजेवर गेले होते म्हणून हाबर हंगामी गव्हर्नर होते आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रेलियाला काळजी होती ती अॅडमिरल फोन श्पेच्या जर्मन आरमारी ताफ्याची (आपल्या मद्रासवर तोफा डागणारी एमडन याच ताफ्यातली) आणि त्याला बातम्या पुरवू शकणाऱ्या वायरलेस केंद्रांची. 12 ऑगस्टला ऑस्ट्रेलियन नौसैनिक राबाउल आणि हर्बर्ट्सहोहे या वसाहतीतल्या किनाऱ्यावरच्या गावांत उतरले, टेलिफोन फोडले, वायरलेस बंद करा नाहीतर तोफा डागू असं बजावून गेले. जर्मनांनी कारभार किनाऱ्यापासून आत, टोमा गावाला हलवला.

हाताशी पन्नासेक जर्मन आणि अडीचशेच्या आत स्थानिक पोलीस. 11 सप्टेंबरला बिटा पाकाच्या वायरलेस केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर लढाई झाली, दोन्ही बाजूंनी दाट जंगल, आडवा खंदक, रस्त्यात पुरलेले सुरुंग, आणि ऑस्ट्रेलियन शेवटी केंद्रावर पोचले तर मनोरा पाडलेला पण यंत्रं शाबूत! ऑस्ट्रेलियाचे 6 जण गेले. जर्मन बाजूचा 1 जर्मन आणि सुमारे 30 मेलानेशियन (तिथले स्थानिक लोक) मेले. या 30 जणांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण भांडण युरोपातल्यांचं आणि सगळ्यात जास्त मेले ते तिथलेच लोक, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

14 तारखेला एन्काउंटर या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने टोमाजवळच्या डोंगरावर तोफा डागल्या आणि हाबर बोलणी करायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी ते हर्बर्ट्सहोहेला ऑस्ट्रेलियन फौजेचे प्रमुख कर्नल विल्यम होम्स यांना भेटले. इथे खरी गंमत आहे, म्हणजे त्यांचं डोकं कसं चालायचं ते दिसतं: लढणं शक्य नाही हे मान्य, पण वसाहत देऊन टाकायचा अधिकार मला नाही, त्यामुळे मी फक्त सैन्य शरण देतो. 17 सप्टेंबरला सह्या झाल्या त्या याच पायावर. तिथले कायदे चालू राहणार, तटस्थतेची शपथ घेणाऱ्या जर्मन मळेवाल्यांना आपल्या मळ्यांवर राहता येणार, आणि खुद्द हाबरना युद्धात भाग घेणार नाही अशा शपथेवर जर्मनीला जाता येणार. जवळजवळ सगळं हरलेल्या माणसाने एवढं मिळवलं हे मला मोठं वाटतं, आणि अटी फार सैल आहेत म्हणून होम्सवर ऑस्ट्रेलियात टीका झाली यावरूनही ते कळतं.

सैन्य शरण देण्याचा हा करार नाउरू बेटासकट सगळ्या वसाहतीला लागू झाला. पण आत जंगलात सर्वेक्षण करत फिरणारा हेर्मान डेट्झनर हा अधिकारी काही शरण आला नाही, तो युद्ध संपल्यावर थेट 1919 च्या जानेवारीत बाहेर आला.

हाबर सिडनीमार्गे 1915 मध्ये जर्मनीला निघाले. न्यू गिनीचा जर्मन भाग पुढे 1920 मध्ये राष्ट्रसंघाच्या आदेशाने ऑस्ट्रेलियाकडे गेला. हाबर 1947 मध्ये ट्यूबिंगेनला वारले.