मुतखडा झाला म्हणून मुलाचं दूध तोडू नका

लहान मुलाला मुतखडा निघाला की घरात पहिला हुकूम सुटतो: दूध बंद! खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून कॅल्शियम तोडा, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे आणि वाढत्या हाडांना महागात पडतो.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणजे कॅल्शियम आणि ऑक्झलेट (अन्नातही असणारं एक द्रव्य) एकत्र येऊन बनतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं, तिथून लघवीत उतरतं. म्हणजे खड्याला उलट खतपाणीच! हात आखडायचा तो मिठावर, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. पाणी मात्र भरपूर. लघवी फिकट दिसली पाहिजे.

चिमुरडं मूल कंबर दुखते असं सांगत नाही. बेंबीभोवती हात ठेवून रडतं, ओकतं, कधी लघवी लालसर होते. आधी सोनोग्राफी करतात. बारीक खडा बहुधा आपणच पडतो. मोठा खडा ध्वनिलहरींनी फोडतात किंवा दुर्बिणीतून काढतात. पडलेला खडा जपून तपासायला द्याच, आणि लघवीचीही तपासणी करा, कारण मुलांमध्ये आनुवंशिक दोष निघू शकतो. दुखण्यासोबत ताप आला किंवा लघवी अडली तर तडक रुग्णालय गाठा.