पात्र, पेरणी आणि उधारी: सिनेमातील ग्राहकाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत हल्ली एक स्वाध्याय दिला जातो. एखादा चित्रपट निवडायचा, त्यातील एक पात्र घ्यायचे आणि ते पात्र काय विकत घेते, का घेते, कोणाकडे पाहून घेते आणि घेतल्यावर त्याच्या मनाचे काय होते, याची मांडणी ग्राहक वर्तनाच्या संकल्पना वापरून करायची. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयातही हा अभ्यास करता येतो. मात्र पाठ्यपुस्तकातील उदाहरणे मोटार, मोबाईल आणि महागड्या कपड्यांची असल्यामुळे विद्यार्थ्याचा हात साहजिकच शहरातील पात्राकडे जातो. कापूस वेचून आलेल्या पैशावर ज्याच्या घराचे वर्ष चालते, असे पात्र या अभ्यासात बसणारच नाही, असा समज त्यातून होतो. हा समज दूर व्हावा यासाठी या पद्धतीचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण त्या इतिहासात शेत आणि बियाणे फार आधीपासून आहेत.

ग्राहकाच्या वागण्याचा विचार करणाऱ्या आद्य लेखकांत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचे नाव घेतले जाते. नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या शेतकरी कुटुंबातील या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. माणूस काही वस्तू गरजेसाठी नव्हे, तर आपली ऐपत इतरांच्या डोळ्यांत भरावी म्हणून घेतो, हे त्यांचे म्हणणे लग्नातील मंडप आणि मानपान पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पुढे मानसशास्त्राने या विचाराला आणखी साधने दिली. अब्राहम मॅस्लो यांनी 1943 मध्ये गरजांच्या पायऱ्या मांडल्या, तर लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मनातील विसंगतीचा सिद्धांत मांडला, ज्यावरून खरेदीनंतरची रुखरुख समजून घेता येते. 1968 मध्ये एंगेल, कोलट आणि ब्लॅकवेल या तीन अभ्यासकांचे ग्राहक वर्तनावरील पाठ्यपुस्तक आले आणि गरज जाणवणे, माहिती शोधणे, पर्याय तोलणे, खरेदी करणे आणि खरेदीनंतरचा अनुभव या पाच टप्प्यांची मांडणी रूढ झाली. आजचे स्वाध्याय मुख्यतः याच टप्प्यांवर बेतलेले असतात.

विदर्भातील वाचकाने ज्या अभ्यासापाशी खरोखर थांबावे, तो या प्रसिद्ध नावांच्या गर्दीत मागे पडतो. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांमध्ये कसे पसरले याचा अभ्यास करून 1943 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते पेरावे की नाही हे ठरवताना शेजारच्या शेतकऱ्याचा शब्द अधिक मोलाचा ठरला, असे त्यात दिसून आले. शेतकऱ्यांनी पहिल्याच वर्षी सगळ्या शेतात नवे बियाणे टाकले नाही. थोड्या जागेत पेरून, पीक पाहून, मगच क्षेत्र वाढवले. हाच धागा एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नावीन्याच्या प्रसाराच्या सिद्धांतात गुंफला. रॉजर्स स्वतः आयोवातील शेतकऱ्याचे पुत्र होते. त्यांचे वडील संकरित मक्याला बराच काळ राजी नव्हते. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि आपला करपला, तेव्हा त्यांचे मत फिरले. या अभ्यासातील माणूस हौसेखातर बाजारात आलेला नाही. तो वर्षाचे पीक पणाला लावून खरेदी करतो आहे आणि त्याची चूक पुढच्या हंगामापर्यंत दुरुस्त होत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आपल्याकडील शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचा ग्राहक शास्त्रीय अभ्यासात भेटतो तो इथे.

सिनेमाकडे या शास्त्राची नजर वळली ती 1980 च्या दशकात. मॉरिस होलब्रुक आणि एलिझाबेथ हर्शमन यांनी 1982 मध्ये असे मांडले की उपभोग म्हणजे केवळ हिशेबी निवड नसून त्यात कल्पना, भावना आणि आनंद यांचाही वाटा असतो. त्यानंतर 1986 मध्ये होलब्रुक आणि मार्क ग्रेसन यांनी ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटातील वस्तूंचा आणि उपभोगाचा चिन्हशास्त्राच्या, म्हणजे वस्तूंना अर्थ सांगणारी चिन्हे मानून वाचण्याच्या, अंगाने अभ्यास केला. डेन्मार्कहून केनियात येऊन कॉफीचा मळा चालवणारी नायिका कोणत्या वस्तू बरोबर आणते, त्या कशा वापरते आणि कशा गमावते, यांतून तिच्या स्वभावातील बदल वाचता येतो, हा त्या लेखाचा गाभा होता. 1988 मध्ये रसेल बेल्क यांनी माणसाच्या वस्तू हा त्याच्या ‘स्व’चाच विस्तार असतो, अशी मांडणी केली, तर हर्शमन यांनी त्याच वर्षी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील तेलाच्या धंद्यातील श्रीमंत कुटुंबांच्या मालिकांमधील उपभोग तपासला. सिनेमातील पात्राला ग्राहक म्हणून वाचण्याची आजची रीत मुख्यतः या लेखनातून आली. तिच्या सुरुवातीलाच मळ्याची मालकीण आणि तेलसम्राटांची कुटुंबे उभी आहेत, मळ्यातील मजूर नाही, ही बाब मला दुय्यम वाटत नाही. ज्याच्याजवळ वस्तू आहेत त्याचे मन वस्तूंतून वाचणे सोपे असते. ज्याच्या घरातील वस्तू एकेक करून गहाण पडत आहेत, त्याला वाचताना आणखी साधने लागतात.

ती साधने भारतीय सिनेमाच्या आणि शेतीकर्जाच्या इतिहासात सापडतात. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट 1925 सालचा. सावकारामुळे जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यात व्ही. शांताराम यांनी केली होती. म्हणजे पश्चिमेत या विषयाचे शास्त्र उभे राहण्याआधीच आपल्या पडद्यावर ऋणको हे पात्र आले होते. त्याच्यामागे त्याहून जुना वाद होता. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा नेमलेल्या चौकशी आयोगासमोर शेतकरी लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे कर्जात बुडतो का, हा प्रश्न आला. आयोगाचे मत असे पडले की क्वचित होणाऱ्या लग्नापेक्षा अन्नधान्य, बी, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेली छोटी कर्जे जास्त भार वाढवतात. आजच्या भाषेत सांगायचे, तर दिखाऊ उपभोग की सक्तीची खरेदी, हाच तो वाद होता.

1957 च्या ‘मदर इंडिया’ची कथा याच प्रश्नावर उभी आहे. राधाच्या लग्नासाठी तिच्या सासूने सावकाराकडून पाचशे रुपये घेतलेले असतात आणि त्या रकमेच्या व्याजापोटी पिकाचा तीन चतुर्थांश वाटा द्यावा लागतो. पाच टप्प्यांची मांडणी सासूच्या खरेदीला लावली, तर लग्न थाटात व्हावे ही गरज आणि ज्यांच्यात मान राखायचा ते गावकरी हा संदर्भ गट, म्हणजे ज्यांच्याकडे पाहून माणूस खरेदी ठरवतो ती माणसे, लगेच सापडतात, आणि बहुतेक स्वाध्याय तेवढ्यावर संपतो. करार काय झाला हे वाचता न येणाऱ्या ग्राहकाला माहिती शोधण्याचा टप्पा उपलब्धच नसतो, ही गोष्ट मात्र निसटते, आणि माझ्या मते या पात्राच्या विश्लेषणात तिचेच महत्त्व सर्वांत मोठे आहे.

विदर्भात या प्रश्नाला कापसाचा रंग चढला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या, आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. रोख पैशाची सवय आणि दूरच्या बाजारभावाची टांगती तलवार, दोन्ही या मुलखात एकाच मार्गाने आल्या. स्वातंत्र्यानंतर 1972 पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त राज्यानेच विकत घेण्याची व्यवस्था, सुरू झाली. त्या काळात चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, कधी मिळतात यावर घरातील कापडचोपड, मुलीचे लग्न आणि दुकानदाराची उधारी अवलंबून असे. पोळ्याचे उदाहरण घेतले, तर हे अधिक स्पष्ट होते. बैलांची झूल, घुंगरे, बेगड, नवी वेसण आणि घरातील गोडाधोडाचा खर्च श्रावणी अमावास्येला येतो, तर कापूस घरात येऊ लागतो तो दिवाळीच्या सुमारास. म्हणजे सर्वांत प्रिय सणाची खरेदी वर्षातील सर्वांत रिकाम्या हाताने, बहुधा उधारीवर होते. ‘कर्ज काढून सण करू नका’ हा गाडगेबाबांचा उपदेश याच मुलखातून उठला. ग्राहक वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याने बाबांच्या कीर्तनांकडे उपभोगाची टीका म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेल्या वाणांना, परवानगी मिळाली. सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरण्याची रीत संकरित वाणांमुळे आधीच मागे पडली होती. आता 450 ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीच्या वर्षांत सुमारे 1,600 रुपये मोजावे लागू लागले. शेतकरी दर हंगामात बियाण्याचा ग्राहक झाला, आणि आयोवातील अभ्यासाचे प्रश्न, म्हणजे खबर कोणी दिली, विश्वास कोणावर ठेवला, किती क्षेत्रावर प्रयोग केला, हे सगळे यवतमाळच्या बांधावर आले. फरक एकच, पण फार मोठा होता: कोरडवाहू शेतीत पाऊस हा या खरेदीतील असा भागीदार आहे, जो कोणत्याच पाकिटावर हमी देत नाही.

सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा 2009 चा चित्रपट याच बिंदूवर उभा आहे. विदर्भातील गावात शेजाऱ्याने आत्महत्या केल्यानंतर किसनाची पत्नी अलका नवऱ्याच्या काळजीने धास्तावते आणि त्याच्यावर नजर ठेवायला मुलाला सांगते. इकडे किसना पावसाची वाट पाहत पेरणीसाठी झगडत असतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले होते की माणसाला फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक जाणवते, आणि तोटा समोर दिसत असताना तो एरवी न पत्करलेला धोकाही पत्करतो. दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला हा सिद्धांत लावला जातो आणि त्याला बुडत्या पैशामागे आणखी पैसा घालणारा म्हटले जाते. हे वाचन मला अपुरे वाटते. पेरणी केली नाही, तर त्या शेतकऱ्यापुढे वर्षभर दुसरे उत्पन्न नसते. पर्याय तोलायचा, तर दुसऱ्या पारड्यात काहीतरी असावे लागते. किसनासारख्या पात्राची खरेदी समजून घ्यायची, तर त्याच्या मनाबरोबर नक्षत्र, जमिनीची प्रत आणि बँकेच्या दारातील रांग हीसुद्धा विश्लेषणात घ्यावी लागते.

धानाच्या पट्ट्यात चित्र वेगळे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत धान निघाल्यावर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पाहुणे येतात आणि गडचिरोलीतील वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या, म्हणजे याच धानपट्ट्यातील, नाटक कंपन्यांचे प्रयोग रात्रभर चालतात. या रंगभूमीच्या सेवेसाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. इथे पात्रांना जोखणारा प्रेक्षकच हंगामातील ताज्या पैशाचा ग्राहक असतो. सिनेमावर बेतलेली पद्धत झाडीपट्टीच्या नाटकांना लावून पाहण्याजोगी आहे.

एक पात्र मात्र दोन्ही पट्ट्यांत आणि बहुतेक सगळ्या चित्रपटांत ग्राहक म्हणून दिसत नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची मजुरी किलोच्या हिशेबाने ठरते, ती हाती आली की आठवडी बाजारात तेल, मिरची, मुलाची वही आणि जमल्यास बांगड्या घेतल्या जातात, आणि काय आधी व काय पुढच्या बाजाराला हे तीच ठरवते. रिचर्ड थेलर यांनी 1985 मध्ये मांडलेली मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती ठेवण्याची कल्पना तिच्या लुगड्याच्या गाठीतील नोटांना तंतोतंत लागू पडते. पडद्यावर तिला मंगळसूत्र गहाण ठेवताना पुष्कळदा दाखवले आहे, पण बाजारात भाव करताना क्वचितच. पुढचा स्वाध्याय लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निवडलेल्या चित्रपटात ती बाजारातून काय घेऊन येते याची नोंद करावी, आणि तो प्रसंग चित्रपटात नसेल, तर तेही लिहावे.