जमिनीतल्या ब्लॅक पाइनचा शेंडा कापू नका

आमच्या नर्सरीतून बोन्सायसाठी जॅपनीज ब्लॅक पाइन नेऊन खोड जाड व्हावं म्हणून जमिनीत लावलं की वर्ष-दीड वर्षात हमखास फोन येतो, खोड जाडच होत नाहीये, कुठलं खत टाकू? फोटो मागवला की बहुतेक वेळा एकच दिसतं, वरचा लांब शेंडा छाटलेला. झाड कंपाउंडच्या वर गेलं, वेडंवाकडं दिसायला लागलं, म्हणून "जरा शेप दिला".

तो शेंडा मुद्दाम सोडलेला असतो. वर जेवढ्या जास्त सुया तेवढं खालचं खोड भरतं, खताने ते काम होत नाही. म्हणून हा सॅक्रिफाइस शेंडा सहा-आठ फूट खुशाल जाऊ द्या, तो शेवटी काढायचाच आहे, बोन्सायमध्ये राहणार तो फक्त खालचा फूटभर भाग. मधेच उडवलात तर खोडाची वाढ मंदावते आणि नवा शेंडा जोर धरेपर्यंत एक-दोन सीझन फुकट जातात.

पण वर मोकळं सोडलं म्हणजे खाली बघायचंच नाही असंही नाही. पाइनला वडा-पिंपळासारखे जुन्या उघड्या लाकडातून फुटवे सहसा येत नाहीत. खालच्या बारीक फांद्यांना ऊन मिळालं नाही की सुया पिवळ्या पडून गळतात, फांदी वाळते, मग तिथे कलम करण्याशिवाय इलाज नाही. त्यामुळे त्या लांब शेंड्याच्याच बुडाकडच्या दीड-दोन फुटातल्या बाजूच्या फांद्या काढून टाका, वर टोकाला झुपका राहू दे. आणि जी फांदी ठेवायची आहे ती लांबली तर कापा, पण कापाच्या अलीकडे हिरव्या सुया राहिल्याच पाहिजेत.

लावताना काळ्या मातीत खड्डा नको, पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. फूटभर उंच वाफा करा, मुरूम आणि जाड वाळू भरपूर, मुळांखाली फरशीचा तुकडा, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंना पसरतात. माती उकरताना मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर बुरशीनाशक ओतू नका प्लीज, ती बहुतेक वेळा मायकोरायझा असते, म्हणजे मुळांच्या सोबतीने राहणारी, झाडाच्या फायद्याचीच बुरशी.

नर्सरीत आमची झाडं उंच आणि बेढब दिसतात, "तयार दिसत नाहीत, मग एवढी महाग का" असं बरेच जण विचारतात. जपानात ताकामात्सुजवळ किनाशी आणि कोकुबुन्जी या भागात देशातली सुमारे ८० टक्के पाइन बोन्साय तयार होतात, तिथेही शेतात झाडं वर्षानुवर्षं अशीच वाढवतात. आमच्या रोपांचं खोड पेन्सिलएवढं असतानाच तार लावून खाली वळण दिलेलं असतं, मुळं पसरवलेली असतात, नंतर जाड खोडाला हे करता येत नाही, किंमत त्या कामाची आहे. तार अजून असेल तर दर महिन्याला बघा, जमिनीत ती लवकर रुतते.

झाड जमिनीतून काढायचं ते थंडी सरत आल्यावर, कँडल (मेणबत्तीसारखे उभे नवे कोंब) उठायच्या आधी. सगळी जुनी माती एकदम धुऊन टाकू नका, निम्मी ठेवा. शेंडा त्याच वर्षी काढू नका, आधी झाड कुंडीत रुळू दे. काढणी आम्ही घरी येऊनही करून देतो, फक्त दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा, आणि कात्री लावायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवा, कुठे कापायचं ते खूण करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.